मामांच्या व्हॅनचा क्लच

ती. मामांस,
सा. न. तुमची प्रकृती उत्तम असणारच, कारण ती बरी नसल्याचं तुम्ही आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. इकडे माझी कंबर सोडली तर सगळं ठीक आहे.

तुम्ही व्हॅन माझ्या गळ्यात मारलीत आणि बजावलंत, की गियर खरखरतात त्यामागचा दोष शनिवारच्या बाजाराआधी सापडला नाही तर ती भंगारात घालीन आणि रोपांचा धंदाही बंद करीन. सोबत तुमच्या हातचं सूचनापत्र होतं. क्लच अर्धा दाबावा, दोन आकडे मोजावेत, गियर उगीच तिसऱ्याकडे न्यावा आणि बेसावध असताना पहिल्यात ढकलावा. (बेसावध कोण, गियर की मी, याचा खुलासा नव्हता.) मी शब्दन् शब्द पाळला. पहिल्याच चौकात असा खरखराट झाला की रस्ता ओलांडणाऱ्या एक आजी अर्ध्यातून मागे फिरल्या. रिव्हर्स तर पडेचना. शेवटी बेकरीवाला, त्याची बायको आणि दोन गिऱ्हाइकं यांनी गाडी पुढून ढकलून मागे नेली. मी आत बसून आभार मानत होतो.

मग मी कंबर कसली (आणि ती तिथेच धरली). क्लचची केबल ताणून पाहिली, गियरबॉक्सचं ऑइल बदललं, दांड्याखालचे जोड ग्रीस केले, पेडल अडत असेल म्हणून खालची मॅटही काढली. मॅटखाली मामीचा कंगवा सापडला. दोष सापडला नाही.

अखेर मेकॅनिककडे गेलो. त्याने तुमचं सूचनापत्र वाचायची तसदी न घेता क्लच तळापर्यंत दाबला, आणि सगळे गियर मुकाट्याने पडले. रिव्हर्ससुद्धा. म्हणाला, "अर्धाच क्लच दाबलात तर खरखरणारच की. हे शिकवलं कुणी तुम्हाला?" मी तुमचं नाव सांगितलं नाही. गाडीत काहीही बिघाड नाही, मामा. पेडल जरा जड आहे, एवढंच. परत येताना सिग्नलला माझी नजर क्लचवरच्या माझ्याच डाव्या पायाकडे गेली आणि सगळा उलगडा झाला. खरं सांगतो, वाईट वाटलं. मागचे हॉर्न वाजवत होते.

मामीला नमस्कार. कंगवा सोबत पाठवतो आहे.

तुमचा आज्ञाधारक (आजपर्यंत तरी)
भाचा

ता. क. : शनिवारी सकाळी व्हॅन घेऊन येतो. रोपं मी चढवीन, गाडीही मीच चालवीन. तुम्ही शेजारी बसून हव्या तेवढ्या सूचना द्या. एकही पाळणार नाही.

आणखी एक ता. क. : जिना उतरताना तुम्ही हल्ली प्रत्येक पायरीवर थांबता, हे मामीने फोनवर सांगितलं. डाव्या गुडघ्यासाठी सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नको म्हणायचं असेल, तर शनिवारी क्लच तळापर्यंत दाबून दाखवा.