दाजींच्या मनगटाचा तारांकित प्रश्न

ती. दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. उजवा हात गळ्यात अडकवलेला असल्यामुळे आशीर्वाद डाव्या हाताने दिलात तरी चालेल. मनगटाची सूज उतरली का? झोप लागते का? ताईचा राग उतरला का? (शेवटचा प्रश्न आधी विचारायला हवा होता, पण धीर होईना.) फोनच केला असता, पण तुमच्या घरातला एकुलता एक फोन ताईच्या ताब्यात, आणि माझं नाव दिसलं की ती तो पालथा घालून ठेवते, असं भाचीकडून कळलं. म्हणून हे पत्र.

तुम्ही स्टुलावरून पडलात याला मी जबाबदार नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. या वयात पंखा पुसायला तुम्हाला स्टुलावर कोणी चढवलं, ते ताईला माहीत आहे. पण पडल्यावर तुम्ही तुमच्या सरकारी दवाखान्यात गेलात, तिथे क्ष-किरणाचं यंत्र लखलखीत उभं होतं आणि ते चालवणारा माणूस मात्र नव्हता, म्हणून डॉक्टरांनी नुसतं दाबून पाहून "मोडलं असावं" अशा अंदाजाने प्लास्टर चढवलं, याच्याशी माझा थोडा संबंध येतो. तो कसा, ते सविस्तर सांगतो. (खासगीत जा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही. जन्मभर सरकारी शाळेत शिकवलं, आता प्लास्टरही सरकारीच, हा तुमचा बाणा. बाणा चांगला आहे, हाडाला तो कळत नाही.)

झालं असं. आमच्या गावच्या दवाखान्यात गेलं की मला नेहमी एक जाड दार दिसे. वर लाल दिवा, आणि पाटी: "आत क्ष-किरण चालू आहेत. प्रवेश नाही." मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. पाटीवर लिहिलं ते पाळायचं, हे गुरुजींनी छडीने शिकवलेलं. तेव्हा आत काही मी गेलो नाही. बाहेर बाकावर हात-पाय धरून बसलेली माणसं म्हणत, "फोटोवालाच नाही हो आमदारसाहेब, फोटो कोण काढणार?" (आमच्याकडे क्ष-किरणाला फोटोच म्हणतात.) मला ते लागलं. देवाने आपल्याला बोलायची जागा दिली ती कशासाठी, असं वाटलं, आणि मी सभागृहात प्रश्न टाकला. तारांकित. म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं असा.

तुम्हाला ठाऊक आहे, बोलायला उठण्यापूर्वी मी क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घेतो. नेमका तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात "जनतेचे प्रश्न, आमदारांची डुलकी" या मथळ्याखाली आला. (गावात एकही फोटोवाला नव्हता, सभागृहात मात्र भरपूर आहेत.) असो. आमच्याकडे प्रश्नही ठरावीक साच्यात असतो आणि उत्तरही. मी विचारलं, अमुक रुग्णालयात यंत्र आहे पण ते चालवणारा तंत्रज्ञ नाही, हे खरे आहे काय? मंत्री म्हणाले, होय, हे खरे आहे. मी विचारलं, यामुळे रुग्णांचे हाल होतात, हे खरे आहे काय? मंत्री म्हणाले, अंशतः खरे आहे. मग म्हणाले, तंत्रज्ञ तातडीने देण्यात येईल. बाकं वाजली. गावात माझी मिरवणूक निघाली. ताईनेसुद्धा तेव्हा फोन करून "शाबास रे" म्हटलं होतं. ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत, कारण त्यानंतर ती बोललेलीच नाही.

तो तातडीचा तंत्रज्ञ त्यांनी तुमच्या दवाखान्यातून उचलला.

देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सरकारकडे कुठेतरी फोटोवाल्यांचा साठा असतो, त्यातला एक काढून देतात. तो हजर झाला त्या दिवशी मी हार घेऊन गेलो, आणि पहिल्यांदाच त्या जाड दाराच्या आत पाऊल टाकलं. आत रुग्णाला झोपवायचं लांब टेबल होतं. बस. यंत्राचं डोकं, दिवा, काय असेल ते, आलंच नव्हतं. ते म्हणे दुसऱ्या खेपेला येणार होतं आणि ती खेप गेली कित्येक वर्षं वाटेत आहे. तोपर्यंत कोणी आत येऊन पाहू नये म्हणून पाटी आधी लावली होती. लाल दिवा मात्र उत्तम चालतो. फोटोवाला मला म्हणाला, "साहेब, हार कुठे टांगू?" सध्या तो दुपारी त्या टेबलावरच आडवा होतो. सज्जन माणूस आहे. तुमच्या यंत्राची आठवण काढतो.

मी पुन्हा प्रश्न टाकला. मंत्री म्हणाले, एका रुग्णालयात यंत्र उपलब्ध आहे, दुसऱ्यात तंत्रज्ञ उपलब्ध आहे, तेव्हा विभागाकडे दोन्ही उपलब्ध आहेत. मी म्हटलं, मधे सबंध डोंगर आहे. ते म्हणाले, डोंगर वनखात्याकडे येतो. मी म्हटलं, मग याला जबाबदार कोण? ते म्हणाले, प्रश्न उद्भवत नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि सन्माननीय सदस्यांचं समाधान झालं आहे असं जाहीर करून पुढचा प्रश्न पुकारला. दाजी, पन्नाशीला आलो, पण आपलं समाधान झालं हे दुसऱ्याकडून प्रथमच कळलं. आता तर घरीही हीच भाषा चालते. "भाजी आणली का?" विचारलं की मी "अंशतः" म्हणतो, आणि जेवायला मागितलं की सौभाग्यवती म्हणते, प्रश्न उद्भवत नाही.

प्रकृतीला जपावं. प्लास्टर भिजवू नये. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, ताईला काय ते तुम्हीच ठरवा.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. एक छोटी विनंती. तुमचे आमदार तुमचे विद्यार्थी, तुमचा शब्द खाली पडू देणार नाहीत. त्यांना पुढच्या अधिवेशनात विचारायला सांगा की, तुमच्या दवाखान्यात यंत्र नुसतं पडून आहे, हे खरे आहे काय? विभागाची रीत आता मला कळली आहे. ते लगेच "होय" म्हणतील आणि यंत्र उचलून आमच्याकडे पाठवतील. म्हणजे माणूस आणि यंत्र एका जागी येतील. (निवडणूक जवळ आली आहे, हा निव्वळ योगायोग.) मग तुम्ही खुशाल इथे या, रांगेत उभं राहावं लागणार नाही. ताईला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. २. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की दाजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे पाकीट तूच फोडणार, आणि मोठ्याने वाचूनही तूच दाखवणार. ताई, वरची विनंती मी मागे घेतो. स्टुलाबद्दल लिहिलं तेही मागे घेतो. भाचीने तू विचारलेला प्रश्न कळवला आहे: हाड वाकडं बसलं तर जबाबदार कोण? उत्तर: मी. दाराआड काय आहे ते न पाहता माणूस मागितला, आणि तो कुठून येतोय हेही विचारलं नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी गाडी घेऊन मीच येतो. दाजींचा बाणा आणि हात, दोन्ही उचलून शहरात फोटो काढायला नेऊ. पत्र दाराच्या फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसून राहीन. वाचून झालं की दार उघड. पण अंशतः उघडू नकोस, आमदार झाल्यापासून मी तेवढ्यातून आत मावत नाही.