सोळा पॉइंटांची वकिली

१४ सप्टेंबर २००२, शनिवार

ऑफिसात नवं सर्क्युलर. लंडनहून आलेल्या नव्या साहेबांनी काढलंय. यापुढे प्रत्येक वकिलाने वर्षाला सोळा पॉइंट मिळवायचे. तासभर कायद्याचं लेक्चर ऐकलं की एक पॉइंट. ३१ डिसेंबरपर्यंत सोळा झाले नाहीत तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही. म्हणजे व्हिसा नाही. म्हणजे बाडबिस्तरा बांधून परत खेड.

ज्युनियर मंडळींचे चेहरे पडले. मी खूश. चिपळूण कोर्टात दोन वर्षं काळा कोट घातलेला माणूस आहे मी, ॲड. मुश्ताक परकार. आणि दुबईत नऊ वर्षं. सकाळी इमिग्रेशन, दुपारी लेबर ऑफिस, मग फाइली घेऊन कोर्ट. एवढी धावती प्रॅक्टिस ऑफिसात दुसऱ्या कुणाचीच नाही.

संकल्प: सोळा नाही, वीस. तेही नोव्हेंबरच्या आत.

हमीदाला सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करा, संपून आठवडा झाला. माझ्या करिअरबद्दल हिला कधी बोलता येत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं लेक्चर. विषय लवाद, म्हणजे भांडण कोर्टात न नेता बाहेर मिटवणं. मी पहिल्या रांगेत. नवं पेन, नवी वही.

साहेबांनी मला पाहिलं आणि चेहरा खुलला. म्हणाले, मुश्ताक, थँक गॉड, या नोट्सच्या तीस झेरॉक्स हव्यात. एवढ्या वकिलांत गोपनीय कागद माझ्याच हातात दिले, याची नोंद घ्यावी. मशीन अडकलं. मग खुर्च्या कमी पडल्या. मग चहा. हे सगळं उरकून आत आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. सहीचा कागद तोवर फिरून गेला होता.

साहेब म्हणाले, यू आर अ स्टार. पॉइंट शून्य, पण इंप्रेशन जबरदस्त.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी तीन लेक्चर झाली. तिन्ही वेळा प्रोजेक्टर माझ्याकडे. पॉइंट अजून शून्य.

पण मार्ग सापडला. आमचा ज्युनियर वकील जहूर, भिवंडीचा, शिकाऊ पण चांगला मुलगा. त्याच्याकडे लेक्चरच्या कॅसेट आहेत. ऐकून एक पान सारांश लिहून दिला की पॉइंट. मी शारजाहहून रोज दुबईला येतो, म्हणजे दोन्ही वेळचा ट्रॅफिक जॅम हे माझं विद्यापीठच. बाकीचे हॉर्न वाजवतील, मी शिकेन.

रात्री हुमेराने विचारलं, अब्बा, व्हाय डू यू नीड पॉइंट्स, यू डोन्ट डू केसेस. मी म्हटलं, गणिताचं पुस्तक काढ. नववीत गेली की मुलं आगाऊ होतात.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी गाडीत शेजारचा खैरुद्दीन होता. दुबईच्या देरा भागात अत्तराच्या दुकानात कामाला आहे, रोज माझ्याबरोबर येतो. कॅसेट लावली. पहिल्याच मिनिटाला तो घोरायला लागला. मी एकाग्रतेसाठी क्षणभर डोळे मिटले.

पुढची गाडी पोलिसांची निघाली.

चौकीवर मात्र माझा रुबाब बघायला हवा होता. मुदीरपासून, म्हणजे मोठ्या साहेबापासून, चहावाल्यापर्यंत सगळे ओळखीचे. या मुश्ताक, बसा मुश्ताक. रजिस्ट्रेशन संपल्याचं त्यांनीच मला सांगितलं, तेही किती प्रेमाने. कागद कुठल्या खिडकीवर आधी द्यायचा हे मी त्यांच्या नव्या हवालदाराला समजावून दिलं. खैरुद्दीन थक्क झाला. म्हणाला, तुम्ही तर इथले जावई दिसता.

कॅसेटची रीळ टेपने खाल्ली. सारांश लिहिणार कसला? जहूरला अजून सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या पहिला रोजा. उपाशीपोटी मेंदूवर ताण देऊ नये. उरलेले पॉइंट ईदनंतर.

उरलेले म्हणजे सोळा.

१० डिसेंबर, मंगळवार

झोप उडाली आहे. काल जहूरकडे चौदा होते, आज पंधरा. हमीदाने न विचारता सुटकेस माळ्यावरून काढून पुसली. म्हणाली, सहज. तिला खेडचं घर आठवतंय. मला हुमेराची शाळा आठवते.

मग सर्क्युलर पुन्हा नीट वाचलं, वकिली नजरेने. शेवटच्या ओळीत हिरा. लेक्चर ऐकलं तर तासाला एक पॉइंट, दिलं तर आठ. दोन तास बोललो की खलास, सोळा. श्रोते 'कायद्यात रस असलेले' हवेत, एवढीच अट. खैरुद्दीनचा मेव्हणा मुनीर उम्म अल कुवैनला फोरमन आहे. त्याच्या लेबर कॅम्पात माणगाव-महाडची पोरं आहेत. फोन केला. मुनीर म्हणाला, इन्शाल्ला, हॉल भरून देतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस.

नमाज आटोपून पोचलो. मेसमध्ये चाळीसेक माणसं, काही तर खिडकीत बसलेली. विषय: आंतरराष्ट्रीय लवादाची बदलती तत्त्वं. पाच मिनिटं बोललो. मग दगडू नावाचा एक गवंडी उठला आणि विचारलं, साहेब, ते राहू दे, पण कंपनी बदलायची तर व्हिसा कुठं ट्रान्सफर होतो? मुनीरने लोकांना काय सांगून जमवलं होतं ते तेव्हा कळलं.

मी सांगितलं. आधी लेबर ऑफिस, दुसरा मजला. फोटोचं बॅकग्राउंड निळं नको, पांढरं. टायपिंग सेंटर समोरचं नको, गल्लीतलं घ्या, तिथला माणूस चुका करत नाही. गुरुवारी जाऊ नका. प्रश्नांवर प्रश्न. दोन तास पाण्याचा घोट घेतला नाही आणि एकदाही अडलो नाही. असा रंगलो होतो की वर्षानुवर्षं असं वाटलं नव्हतं. चिपळूण कोर्टात तर मी तारीख मागण्यापलीकडे कधी बोललोच नव्हतो.

शेवटी सगळे पासपोर्टच्या झेरॉक्स घेऊन रांगेत. घेतल्या. नाही कसं म्हणणार? हजेरीवर चाळीस सह्या, त्यात काही अंगठे.

लवादाचा भाग थोडा राहिला. पण श्रोत्यांना त्यात विशेष शंका नव्हत्या.

२८ डिसेंबर, शनिवार

हजेरीचा कागद पर्सोनेलच्या बिलकीस मॅडमना दिला. हैदराबादच्या आहेत, शांत बाई. अंगठ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, साहेबांशी बोलते. भारावून गेल्या असणार.

३१ डिसेंबर, मंगळवार

दुपारी मॅडमनी बोलावलं. सर्क्युलर हातात धरूनच गेलो. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं. म्हणाल्या, मुश्ताकभाई, आप इतने परेशान क्यूँ हुए, आप तो इसमें आते ही नहीं. पॉइंट वकिलांसाठी. आप तो हमारे मंदूब हैं. सरकारी दफ्तरांतली कामं करणारा माणूस. नऊ वर्षांपासून तीच पोस्ट आहे. तुमचं कॉन्ट्रॅक्ट तर साहेबांनी पंधरा दिवसांपूर्वीच तीन वर्षांसाठी रिन्यू केलंय. म्हणाले, सगळे गेले तरी चालेल, मुश्ताक पाहिजे.

मी थँक यू म्हटलं. बहुतेक दोनदा.

घरी आलो. हमीदाला सांगितलं की ऑफिसात मी वकील नाही. ती म्हणाली, एवढंच ना? मला वाटलं नोकरी गेली. मग तिने सुटकेस परत माळ्यावर टाकली आणि खैरुद्दीनच्या घरी गोड पाठवलं. हुमेरा गळ्यात पडली. घरात एवढा आनंद ईदला नव्हता.

जहूरला काढलं. पंधरा पॉइंट होते, सोळावा राहिला. संध्याकाळी तो जिन्यात बसून रडत होता, मी शेजारी बसलो. त्याला धीर द्यायला हवा होता. पण मला त्याचा हेवा वाटत होता. त्याला वकील म्हणून काढलं. मला तसं काढतासुद्धा येत नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याचा व्हिसा कॅन्सल करायचा आहे. मलाच जायचंय.