जुन्या नावाचं प्रमाणपत्र

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. २७ ऑक्टोबर १९९३

चि. अप्पाराव यास द्वारकाअक्काचे अ. उ. आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर पुन्हा ‘गं. भा.’ लिहिलं आहेस. पोस्टमनला माझं वैधव्य दरवेळी कळवायचं कारण नाही. मी गंगाही नाही आणि भागीरथीही नाही. नुसतं द्वारकाबाई लिहीत जा, पत्र चुकायचं नाही.

तुझ्या लेकाचा कॉम्प्युटर क्लास दसऱ्याला माझ्या पुढच्या खोलीत सुरू झाला. वय सव्वीस आणि नाव तात्यासाहेब, त्यामुळं रुबाब आयताच आला आहे. पूजेत त्यानं की-बोर्डावर हळदकुंकू वाहिलं. ते बटणांच्या फटीत गेलं आणि मी संध्याकाळपर्यंत केसांच्या पिनेनं ते काढत बसले. कॉम्प्युटर दोन, पोरं तीस. म्हणून तात्यानं पुठ्ठ्यावर बटणं रंगवून घेतली आहेत आणि पोरं त्या पुठ्ठ्यावर बोटं आपटतात. खऱ्या मशीनवर त्याच्या आईनं, सारजानं विणलेला रुमाल. धूळ लागते म्हणे.

पण काळ ओळखला त्यानं, हे मान्य. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी तीस वर्षं स्टेनो होते. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. आता शॉर्टहँडला कुत्रं विचारत नाही. वाळूजच्या कारखान्यांच्या जाहिरातीत एकच मागणी असते, डाटा एंट्री येणारी माणसं हवीत. पगारपत्रक, मालाचा साठा, सगळं त्यात भरतात. बोटं मात्र तीच लागतात, टाइपरायटरची. ती तयार करायचं काम माझं.

मी स्वतः करमाडला जाऊन एक मुलगी आणली आहे. कुशावर्ता. बाप कडूबा मेंढरं राखतो. पोरगी बारावी झाली आहे आणि वैशाखात तिचं लग्न उरकायचा त्याचा बेत होता. मी त्याच्या ओसरीवर बसून सांगितलं, सहा महिने दे, नोकरी लागली नाही तर तुझ्या मनासारखं कर. तो म्हणाला, बाई, तुमचा शब्द म्हणून पाठवतो. रोज सकाळी बसनं येते आणि माझ्यासाठी चरवीभर दूध आणते. नको म्हटलं तर ऐकत नाही.

भाऊबीजेला ये. सारजाला आणि घरच्यांना माझी आठवण सांग, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अक्का

*

कन्नड
दि. ३ नोव्हेंबर १९९३

ती. द्वारकाअक्कास अप्पारावचा शि. सा. न. वि. वि.

या वेळी पाकिटावर तुझ्या हुकुमाप्रमाणं लिहिलं आहे. पोस्टमास्तर विचारत होता, बहिणीशी बिनसलं का. मी म्हटलं, बिनसलं नाय, तिनं वळण लावलं.

इकडं ऊस तोडीला आला आहे. कारखान्याची टोळी कधी येईल याचा नेम नाही, पण भाऊबीजेला येतोच. तात्याचा क्लास तुझ्या नावावर भरला हे मला ठाऊक आहे. आईबाप त्याच्याकडं बघून नाय, तुझ्याकडं बघून पोरी धाडतात. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई म्हणून जिल्ह्यात अजून तुझा दाखला देतात. तेव्हा एवढंच कर, शिकव आणि शेवटी दस्तखत कर. विद्यापीठाची मान्यता, कागद, शिक्के, तो सगळा बंदोबस्त तात्या बघतो. तू त्यात पडू नको. या वयात कचेरीचे जिने चढायची तुला काय गरज?

धनगराच्या पोरीला फार डोक्यावर घेऊ नकोस. दूध मात्र घेत जा.

सारजा तुला नमस्कार सांगते आणि विचारते, रुमाल धुवून वापरता ना. धाकट्यावर लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
अप्पा

*

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. २० जानेवारी १९९४

चि. अप्पाराव यास अ. उ. आशीर्वाद वि. वि.

चौदा तारखेला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. त्या दिवसापासून शहरात दोन शहरं आहेत. एका बाजूला पेढे आणि गुलाल, दुसऱ्या बाजूला अर्धी ओढलेली शटरं. चौकाचौकात पोलीस आहेत. चार दिवस क्लास बंद ठेवला.

तुझा लेक तावातावानं फिरतो आहे. त्यानं माझ्यासमोर शपथ घेतली की हे नाव त्याच्या तोंडी येणार नाही आणि त्याच्या कागदावर तर नाहीच. मी म्हटलं, अरे, ज्या माणसानं इतकं शिकून दाखवलं त्याचं नाव विद्यापीठाला नको तर काय तुझ्या साखर कारखान्याला द्यायचं? तर जेवण अर्धं टाकून उठला. आमच्या सिस्टर म्हणायच्या, रागावलेल्या माणसाला ताट वाढावं, उत्तर वाढू नये. मला ते कधी जमलं नाही.

मला अठ्ठ्याहत्तर साल आठवतं. याच नावावरून आपल्या वाडीतली गावकुसाबाहेरची घरं जळाली. मी तुला पत्रानं विचारलं होतं, तू कुठं होतास. तू लिहिलंस, मी घरात होतो, दार लावून. मी विश्वास ठेवला. घरात असणं म्हणजे निर्दोष असणं असं मला तेव्हा वाटलं होतं.

असो. चांगली बातमी ही की तात्या दुपारी दोन ते चार जेवून झोपतो. तेवढ्या वेळात मी रुमाल काढते आणि मुलींना पाळीपाळीनं खऱ्या मशीनवर बसवते. विद्या झाकून ठेवण्याची वस्तू नव्हे. कुशावर्तेचा वेग मिनिटाला बेचाळीस शब्दांवर गेला. मी तिच्या वयाची असताना अडतीस होता, हे तिला सांगितलेलं नाही. मालसाठ्याचा तक्ता ती स्वतः मांडते. कालच्या तक्त्यात तिनं कारखान्याच्या मालाऐवजी बापाची मेंढरं भरली. कोकरं वेगळी, भाकड वेगळी, खाली बेरीज. आम्ही पोटभर हसलो.

प्रकृतीला जप. पत्र धाडायला आळस करतोस तसा आठवण काढायला करू नकोस.

तुझी
अक्का

*

करमाड
दि. २ मे १९९४

आदरणीय बाईंना कुशावर्ताचा नमस्कार.

बाई, मी क्लासला का येत नाय ते तोंडानं सांगायला जमणार नाही, म्हणून लिहिते.

गेल्या सोमवारी वाळूजच्या कारखान्यात मुलाखत झाली. तुम्ही सांगितलं तशी साडी नेसून गेले. तिथल्या साहेबानं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि लई वेळ बघत राहिला. त्यावर छापलंय, मराठवाडा विद्यापीठाची मान्यता. खाली तारीख पंधरा एप्रिल चौऱ्याण्णव. साहेब म्हणाला, हे नाव जानेवारीतच बदललं, मग एप्रिलात जुन्या नावाच्या विद्यापीठानं मान्यता दिली कशी? मी म्हटलं, छापखान्याची चूक असेल. त्यानं माझ्यासमोर विद्यापीठात फोन लावला. तिथून सांगितलं, नवीन नावानं नाही आणि जुन्या नावानंही नाही. अशा क्लासला मान्यता कधी दिलेलीच नाही. कुणी मागितलीसुद्धा नव्हती.

साहेबानं कागद ठेवून घेतला. म्हणाला, खोटा कागद घेऊन आलीस, पोलिसात देता येतं. मशीनपुढं बसवलंच नाही. मला येतंय ते बघितलंच नाही कुणी.

बापाला सांगितलं. तात्यासाहेबांचं त्याला नवल वाटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, खाली सही कुणाची आहे. मी सांगितलं. मग तो मेंढरांकडं गेला. मुलाकडच्या कन्नडच्या पाव्हण्यांना निरोप गेलाय, लग्न वैशाखातच करायचं ठरतंय.

बाई, तुम्हाला ठाऊक होतं का? व्हय म्हणा नायतर नाय म्हणा, पण लिहून कळवा.

दुधाची चरवी तुमच्याकडं राहिली आहे. कुणाहाती पाठवा.

तुमची विद्यार्थिनी
कुशावर्ता कडूबा

*

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. ५ मे १९९४

अप्पाराव यास,

सोबत कुशावर्तेच्या पत्राची नक्कल आहे. मी ती टाइप केली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदावर सात चुका झाल्या.

माझा गुन्हा आधी लिहिते. सही करताना मला जुनं नाव दिसलं होतं. मी विचारलंही. तात्या म्हणाला, आत्या, जुने छापील कागद उरलेत, वाया कशाला घालवायचे? मला वाटलं, पोराचा हट्ट आहे, निवेल. हट्टाच्या आड लबाडी बसली असेल हे मला सुचलं नाही. तीस कागदांवर सह्या केल्या, एकाच बैठकीत, वळणदार अक्षरात. ज्या नावाचा त्याला इतका राग, त्या रागानंच त्याला पकडून दिलं. मुकाट्यानं नवं नाव छापलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं.

तात्याला विचारलं. तो म्हणाला, शहरात सगळेच असं छापतात. मग गाडीला किक मारून निघून गेला. तुझ्याकडंच आला असेल.

आता तुला एकच प्रश्न. नोव्हेंबरात तू लिहिलं होतंस, कागद आणि शिक्के तात्या बघतो, तू त्यात पडू नको. ते पत्र मी काल पुन्हा काढून वाचलं. तुला ठाऊक होतं का? त्या पोरीनं मला जे विचारलं तेच मी तुला विचारते.

द्वारका

*

कन्नड
दि. ९ मे १९९४

ती. अक्कास अप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तात्या इथंच आहे. दोन दिवस जेवला नाही.

खोटं लिहीत नाही. दसऱ्याच्या आधीच त्यानं सांगितलं होतं की मान्यतेला वर्ष लागेल आणि तोवर पोरं दुसऱ्या क्लासला जातील. मी म्हटलं, क्लास सुरू कर, मान्यता मागाहून आण. नंतर त्यानं आणली नाही आणि मी विचारलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस. आणि तुझ्या सहीशिवाय क्लासला कोण आलं असतं? हे तूच सांग.

अक्का, शांतपणानं विचार कर. शिकवणं तर खरं झालं ना? तात्याची सोयरीक चिकलठाण्याच्या चांगल्या घरी ठरत आली आहे. आता बोभाटा झाला तर घराण्याची इज्जत जाईल. तू कारखान्याला दोन ओळी लिही, छापखान्याची चूक झाली म्हणून. तुझ्या इंग्रजीपुढं कोण बोलणार? राहिली ती पोरगी. तिचं लग्न आज ना उद्या होणारच होतं. तिचं काय गेलं?

वडील वारल्यावर आणि दाजी गेल्यावर तुझ्या पाठीशी मीच उभा राहिलो, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतो. पाठच्या भावाला पदरात घे.

तुझा
अप्पा

*

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. १७ मे १९९४

अप्पाराव यास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाठीशी उभा राहिलास हे खरं आहे. पण पाठीशी उभ्या असलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, हे मला आता कळलं.

तू सांगितलंस तशा दोन ओळी मी लिहिल्या नाहीत. कुशावर्तेला मात्र उत्तर धाडलं. त्यात लिहिलं, नाव चुकलेलं दिसत होतं आणि तरी मी सही केली. बाकीचं ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घ्यायला हवं होतं. मग चरवी घेऊन मी स्वतः करमाडला गेले. कडूबानं बसायला घोंगडी टाकली आणि समोर बसला नाही, उभा राहिला. मी त्याला म्हटलं, पोरीला एक दिवस माझ्यासोबत दे. तो म्हणाला, या वेळी तुमच्या शब्दावर नाही, पोरीच्या शब्दावर देतो.

शुक्रवारी आम्ही दोघी वाळूजला गेलो. मी साहेबाला सांगितलं, कागद खोटा आहे, त्यावरची सही माझी आहे आणि मुलगी खरी आहे. यातलं पहिलं आणि दुसरं लिहून घ्या, तिसरं मशीनपुढं बसवून बघा. तो तरुण माणूस आहे. उठून त्यानं तिला खुर्ची दिली. त्यांच्या स्टोअरची यादी पुढं ठेवली. तिनं अर्ध्या तासात भरली आणि यादीतली एक नोंद दोनदा आली आहे हेही दाखवलं. ती चूक त्यांच्याच माणसाची होती.

साहेब म्हणाला, प्रमाणपत्राशिवाय कायम करता येणार नाही, तीन महिने कच्ची म्हणून घेतो, पण हिला काय येतं ते कुणीतरी जबाबदारीनं लिहून द्यावं. त्यानं कोरा कागद दिला. मी लिहिलं, वेग बेचाळीस, चुका दोन, माझ्या देखत. खाली सही केली. शिक्का नाही, विद्यापीठ नाही, कुणाची मान्यता नाही. त्या कागदाखाली सही करण्याआधी मी तो तीनदा वाचला. आधीच्या तिसांपैकी एकही दोनदा वाचला नव्हता.

दुसऱ्या कागदावर तात्यासाहेबाविरुद्ध जबाब दिला. तोही सहीनिशी. त्याची एक प्रत विद्यापीठात जाईल, एक पोलिसात. तात्याच्या होणाऱ्या सासऱ्याला मी काही कळवणार नाही. ते तुम्ही कळवा, नाहीतर पुन्हा दार लावून बसा. उरलेल्या एकोणतीस घरांना मी एकेक पत्र लिहिते आहे. कॉम्प्युटर त्यानं गाडी आणून न्यावेत. सारजाचा रुमाल धुवून, इस्त्री करून ठेवला आहे.

कडूबानं कन्नडच्या पाव्हण्यांना दसऱ्यापर्यंत थांबायला सांगितलं आहे. त्यानंतरचं कुशावर्ता बघेल. परतताना बसमध्ये मी नेहमीप्रमाणं दोघींची तिकिटं काढायला पर्स उघडली. तिनं कंडक्टरला आधीच पैसे दिले होते, एका तिकिटाचे, स्वतःच्या. शेजारी बसली, पण खिडकीबाहेर बघत राहिली. मुकुंदवाडीला मी उतरले तेव्हा बाई, येते, असं म्हणाली नाही. दूध आता गवळी घालतो. पाणी जास्त असतं.

मी तिला दोष देत नाही. तुला देते. अठ्ठ्याहत्तर साली तू घरात होतास. या वेळीही घरातच होतास. दोन्ही वेळा आत बसून तुला ऐकू येत होतं.

भाऊबीजेला ओवाळायचं ताट मी मांडीन, कारण आईनं ते मला शिकवलं आणि तू तिचा मुलगा आहेस. पण कन्नडहून येताना माझं घर आधी लागतं आणि करमाड पुढं. यंदा मुकुंदवाडीला उतरू नकोस. सरळ करमाडला जा, कडूबाच्या दारात उभा राहा, आणि त्या पोरीचं काय गेलं हे मला विचारलंस ते त्याला विचार. तो जे सांगेल ते ऐकून मग माघारी माझ्याकडं ये. कितीही उशीर झाला तरी दिवा तेवत ठेवीन.

लोभाचं काय ते त्यानंतर बघू.

द्वारका