पेल एलचा उष्टा ग्लास

प्रिय अक्का,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. गुरुजींनी सांगितलं तसं तुझं नाव घेतलं, गोत्र घेतलं, तीळ सोडले. तुझ्याशी बोलायला मात्र मंत्रांत कुठं जागा नव्हती, म्हणून आज लिहायला बसलो. मला मराठी लिहायला तूच शिकवलंस. घरात आता ते वाचणारं दुसरं कुणी नाही; मुली बोलतात, तेही अर्धं तमिळ.

तुझे आभार मानायचे राहून गेले. इतकी साधी गोष्ट, आणि राहून गेली!

स्टेशनजवळचं मुदलियारांचं विलायती मालाचं दुकान तुला आठवतंच. बिस्किटं, मेणबत्त्या, डबाबंद मासे आणि क्लबातल्या साहेबलोकांसाठी येणारी पेल एल बियर. ती बोटीनं नागपट्टणमला उतरायची, तिथून आगगाडीनं तंजावरला. वाटेत ऊन लागलं की बिघडायची. प्रत्येक खेपेतली एक बाटली चाखायची आणि माल ठेवायचा की परत करायचा ते सांगायचं, हे माझं काम. आपले अप्पा गेल्यावर राजवाड्याकडून दरमहा मिळणारी नेमणूक बंद झाली होती. हे काम गेलं असतं तर आपण सगळी खाणार काय होतो?

काम लागलं त्या दिवशी तू विचारलंस, "बियर पिणं हेसुद्धा काम असतं?"

"पिणं नाही अक्का, चाखणं."

"मग गिळू नकोस."

"गिळल्याशिवाय तिचा कडवटपणा कळत नाही."

"बरं, मग थोडी गीळ."

दारूचं तुला फारसं वावडं नव्हतं. आपण मराठे, आजोबांच्या वेळच्या गोष्टी तूच सांगायचीस. तुला वावडं होतं ते उष्ट्याचं.

आई गेल्यावर स्वयंपाकघर तुझ्याकडं आलं. तू तेव्हा नुकतीच विधवा होऊन घरी परतली होतीस. भांड्याला ओठ लावायचा नाही. मान वर करायची आणि वरून धार सोडायची. शेजारी त्याला अण्णांदु म्हणतात. सारं तंजावर तसंच पितं, पण तुझ्याइतकं कडक कुणी नव्हतं. आणि देवाला दाखवण्याआधी अन्नाचा वास घ्यायचा नाही. वास घेतला तरी ते उष्टं! सांबाराच्या भांड्यावर वाकलो म्हणून मी किती चापट्या खाल्ल्या, अक्का?

मग पेल एल मी वेगळी कशी चाखणार होतो? ग्लास हातभर वर, तोंड उघडं, धार थेट घशात. फेस नाकात जायचा, डोळ्यांना पाणी यायचं. मुदलियार न हसता पंचा पुढं करायचे. रंग मला कळायचा. जुन्या मधासारखा हवा, आणि ग्लास उजेडात धरला की पलीकडची बोटं दिसायला हवीत. कडवटपणा घशात कळायचा. पण ग्लासात नाक घालायचं असतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

लागोपाठ दोन खेपा मी चांगल्या ठरवल्या आणि क्लबानं दोन्ही परत पाठवल्या. "ओल्या गोणपाटाचा वास येतो," असा निरोप होता. मला तर गोणपाट कुठंच सापडलं नव्हतं!

मुदलियार म्हणाले, "तंबी, पुढच्या खेपेला माल पाठवणारा मद्रासचा एजंट, गोरा साहेब, स्वतः येतोय. त्याच्यासमोर चाखायचं. पुन्हा चुकलास तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नकोस."

त्या दिवशी मी अर्ध्या ताटावरून उठलो. तू पाठ सोडली नाहीस.

"तिला वास कसा असतो?"

"मला काय ठाऊक? मी घेत नाही."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? तूच तर..."

तू हातातला डाव खाली ठेवलास. मग म्हणालीस, "ती देवाला दाखवायची आहे का?"

"नाही."

"मग कुणाला?"

"क्लबातल्या साहेबांना."

"मग नाक घाल की त्यात, मेल्या! त्यांच्यासाठी कसलं सोवळं सांभाळतोस?"

आतून सगुणेच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याशी लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तुझ्यासमोर कधी हसली नव्हती.

मुदलियारांना सगळं सांगून मी बाटल्या आणल्या आणि मागच्या कोल्लैत, म्हणजे परसात, सराव सुरू झाला. हात आपोआप वर जायचा, मान मागं पडायची. तू विहिरीच्या काठावर बसून ओरडायचीस, "खाली! खाली आण!" बैलाला हाकावं तसं! पहिल्यांदा काचेला ओठ लागला तेव्हा अंगावर शहारा आला. पण वास आला, अक्का. वाळलेल्या गवताचा, नारिंगाच्या सालीचा. मागून तो कडवटपणा, आपल्या वेप्पम्पू रसमातल्या कडुनिंबाच्या फुलांसारखा स्वच्छ. इतके दिवस हे सगळं माझ्या नाकाखालून जात होतं!

मग मी एक बाटली काही दिवस मुद्दाम गच्चीवर उन्हात ठेवली आणि चांगल्या बाटलीशेजारी हुंगून पाहिली. गोणपाट सापडलं.

पण आभार मानायचे आहेत ते दुसऱ्याच गोष्टीचे.

चाखून झालं की ग्लास उरायचा. दारूचा, त्यात माझा उष्टा. कामाची बाई त्याला हात लावायला तयार नव्हती. सगुणा घाबरायची. मी तो घासावा, हे तर कुणाला सुचलंही नाही. पुरुष भांडं घासताना आपण दोघांनी कधी पाहिला होता?

पहिल्याच दिवशी तू ग्लास उचललास. राखेनं घासलास, विसळलास, पुन्हा घासलास. मग मार्गळी महिन्याच्या थंडीत पुन्हा अंघोळ केलीस आणि ओल्या केसांनी चुलीपुढं बसलीस. जिनं जन्मभर कुणाच्या उष्ट्याला बोट लावलं नाही, तिनं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एजंट येईपर्यंत रोज.

"अक्का, राहू दे," मी म्हणालो.

"तुझं काम हुंगायचं. ते कर."

एजंट आला. त्यानं बाटली उघडली, अर्धा ग्लास प्याला आणि "उत्तम!" म्हणाला. मी नाक घातलं, ओठ लावला, घोट तोंडात धरला. दुसऱ्या पेटीतली बाटली मागून तीही तशीच पाहिली. दोन्हींत तेच ओलं गोणपाट होतं. साहेबाला खोटं पाडायचं, आणि तेही आधी दोनदा चुकलेल्या माणसानं!

"हा माल ठेवू नका," मी मुदलियारांना म्हणालो.

एजंट हसला. "याला बियरमधलं कळतं? कुणी शिकवलं?"

"त्याच्या बहिणीनं," मुदलियार म्हणाले, आणि त्यांनी पेट्या परत गाडीवर चढवायला सांगितल्या. निघण्याआधी एजंटनं तो ग्लास उचलून एकदा हुंगला. दुसरा घोट काही घेतला नाही.

घरी आलो. तू विचारलंस, "ठेवलं का कामावर?"

"ठेवलं."

"हातपाय धू. पान मांडते."

एवढंच! शाबासकीचा एक शब्द तरी बोलायचास! मीही पायावर डोकं ठेवायला हवं होतं. तू पानं मांडत होतीस, मला भूक लागली होती, आणि ते तसंच राहिलं.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. शेवटच्या आजारात तुला उठवत नव्हतं, तरी तुझं पेजेचं भांडं तू मला नेऊ दिलं नाहीस. मी हात पुढं केला की म्हणायचीस, "पुरुषानं उष्टं काढायचं नसतं." भिंतीला धरून विहिरीपर्यंत जायचीस. एकदा तरी द्यायचं होतंस, अक्का. मी तुझा कोण होतो?

गेल्या आठवड्यात सगुणा तापानं पडली. पेज पिऊन तिनं वाटी खाली ठेवली, ती मी उचलली.

ती धडपडत उठायला लागली. "अहो, ठेवा ती! शेजारचे बघतील."

"बघू देत."

शेजारच्या मामी त्यांच्या विहिरीवरून खरंच बघत होत्या. तळाशी पेज वाळली होती, लवकर निघेना. मी पुन्हा राख घेतली.

तुला शब्द देतो. या घरात आजारी माणसाचं भांडं पडून राहणार नाही, आणि ते उचलायला मी कुणा बाईची वाट बघणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
तुळजा