आईचं पहिलं ‘नको’

पुंगोल, सिंगापूर, मंगळवार संध्याकाळ

आम्ही तिघं जाणार आहोत त्या नॉर्वेच्या क्रूझवरचे स्पाचे पास संपले. मी दोनच घेतले, माझा आणि नवऱ्याचा. साताऱ्याहून आलेल्या आईला परवा विचारलं होतं, तर गुडघा चोळत म्हणाली, “मला कशाला? तुम्ही दोघं जा, मी खोलीत बसेन.” आणि मी ते खरं मानलं! सिंगापुरात राहून इतकी सरळ कधी झाले मी?

आज जेवताना तिनं हळूच विचारलं, “फोटोत दाखवलेस ना, त्या गरम दगडी बाकांवर गुडघे शेकता येतात का गं?” हात परत गुडघ्यावरच. म्हणजे हिला यायचं होतं. त्या बर्फातल्या बोटीवर सगळ्यात जास्त ऊब हिलाच हवी, हे मला कळू नये?

नवरा म्हणतो, माझा पास दे त्यांना. नाही, माझाच देईन. ती पुन्हा नको म्हणेल, म्हणू दे.

राहून राहून एकच डोक्यात येतंय. नंतर पोळी वाढतानाही ती “नको, पोट भरलं” म्हणालीच होती. मी न ऐकता वाढली, तिनं ताट पुसून खाल्ली. पोळीला ऐकत नाही मी तिचं. मग परवाच का ऐकलं?