बॅटरी जगवली कुणी?

सोमवार, ४ मार्च

बॅटरी ठणठणीत आहे! बॅटरीवाल्याने दोनदा मोजून सांगितलं. इंजिन बंद असताना बारा पूर्णांक सहा व्होल्ट, चालू केल्यावर चौदाच्या थोडं वर. मी त्याला नवी बसवायला बोलावलं होतं. तो जुनीलाच शाबासकीची थाप मारून निघाला.

चिमी — आमची लेक — बाळंतपणाला आलीय. तारीख अठराची. जावई जहाजावर, महिनाअखेरीशिवाय येत नाही. दवाखाना चौदा किलोमीटर, आणि घरात गाडी चालवणारा मी एकटा. ऐन वेळी किल्ली फिरवावी आणि बोनेटखालून नुसतं टिकटिक यावं, हे स्वप्न मला तीनदा पडलं. बॅटरी पाचव्या वर्षात. तीन ते पाच वर्षं टिकते, हे मीच कधीतरी छापलंय. म्हटलं, बदलून टाकू.

"काळजी काय घेता, साहेब?" त्याने विचारलं.

"रोज सकाळी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवतो."

तो इतका हसला की हातातला पाना पडला. "म्हणजे ते तुम्ही!"

मीच. चौदा वर्षांपूर्वी रविवार पुरवणीत हा सल्ला मी दिला होता. त्याने ते कात्रण दुकानात काच लावून टांगलंय! "या लेखावर माझं दुकान उभं आहे, साहेब." म्हणे, सुरू करताना बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी दोन मिनिटांत भरतच नाही. निदान अर्धा तास रस्त्यावर पळवावी लागते. नाहीतर रोज थोडी थोडी उपाशी राहून दोन वर्षांत संपते.

मग आमची का नाही संपली?

"कुणीतरी गाडी रोज फिरवतंय," तो म्हणाला.

कोण फिरवणार? मी ऑफिसच्या बसने जातो. गाडी रविवारखेरीज जागची हलत नाही.

मंगळवार, ५ मार्च

गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. या वयात माणसाची उंची वाढते का?

बुधवार, ६ मार्च

आज रजा. बॅटरीची साग्रसंगीत आंघोळ. तारा जोडतात तिथे पांढरट-हिरवट थर बसला होता. आधी काळी तार काढली, मग लाल. खायचा सोडा, गरम पाणी, ब्रश. कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला, तारा घट्ट आवळल्या — लाल आधी, काळी शेवटी.

चिमी खाली खुर्ची टाकून देखरेखीला. "बाबा, डोहाळे माझे आहेत की बॅटरीचे?"

गॅलरीतून हिचा, म्हणजे चिमीच्या आईचा, आवाज: "तो ब्रश कुणाचा?"

"तुझा जुना."

"जुना कुठला! सकाळी दात घासले मी त्याने!"

चिमीला हसून हसून उचकी लागली. "बाबा, हसवू नका, इथेच होईल काहीतरी!"

मला पण हसू आवरेना. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात बरबटलेला ब्रश घेऊन पार्किंगमध्ये खिदळतोय. आजोबा होणार हो मी!

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी मीटरचा आकडा लिहून घेतला — ४१,२१२. संध्याकाळी ४१,२३१. एकोणीस किलोमीटर! आणि टाकीत पेट्रोल सकाळपेक्षा जास्त. काचा पुसलेल्या. असा चोर देवाने सगळ्यांना द्यावा.

वॉचमनला गाठलं. "गाडी बाहेर गेली होती?"

"गेली असेल, आली असेल. मी फक्त अनोळखी माणसं बघतो, साहेब."

हिला विचारलं. "चोर असता तर परत आणून लावली असती का? हात धुवा, पानं वाढलीयत."

मायलेकी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या, असं आता लिहिताना वाटतंय.

रविवार, १० मार्च

दवाखान्यापर्यंत रंगीत तालीम. जाताना चौतीस मिनिटं. चिमी मागे, ही शेजारी. परत येऊन किल्ली फिरवणार, तोच ही म्हणाली, "आधी दिवे बंद करा. पंखाही. मग इंजिन. पुढच्या वेळी सुरू करताना बॅटरीवर ओझं नको."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच लेखात होतं."

लेख काढून पाहिला. नव्हतं!

हिला आणि गाडीचं काय? बावीस वर्षांपूर्वी मी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी मैदानात ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. हिला शब्दन् शब्द आठवतो. गाडी तिथेच बंद करून उतरली, तडक चालत घरी. "तुमच्या शेजारी बसून मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही." बाई शब्दाची पक्की. त्यानंतर मी कधी विषयच काढला नाही. काढायला हवा होता.

मंगळवार, १२ मार्च

संपादकांना म्हटलं, दोन मिनिटांच्या सल्ल्याची चूक छापून कबूल करायचीय.

"चौदा वर्षांनी?"

"बॅटऱ्या मेल्या. वाचक अजून आहेत."

हसले. चारशे शब्द मिळाले. शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचे.

गुरुवार, १४ मार्च

चिमीची कंबर दुखतेय. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून वेळ आहे. मी बूट घालूनच झोपणार होतो. हिने काढायला लावले.

शुक्रवार, १५ मार्च

पावणेचारला ऑफिसात फोन. तीनशे दहावा शब्द लिहीत होतो.

"बाबा, आम्ही दवाखान्यात पोचलो."

"कशा?"

"आपल्या गाडीने."

"चालवली कुणी?"

मागून हिचा आवाज: "त्यांना सांग, एका झटक्यात सुरू झाली. आणि ओरडू नका म्हणावं."

ओरडलो नाही. रिक्षा करून दवाखाना गाठला.

सहा वाजून दहा मिनिटांनी नात. दोघी सुखरूप — डॉक्टरीणबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं. पाच वर्षांपूर्वी ही गुपचूप शिकली, क्लास लावून. तेव्हापासून रोज दुपारी अर्धा तास. "तुम्ही कधी विचारलंत?" एवढंच म्हणाली. लेखाचे उरलेले नव्वद शब्द दवाखान्यातूनच, पाचच्या आत, तिच्यावर लिहिले.

सोमवारी अकराला घरी सोडणार आहेत. चालवणार ही. शेजारच्या सीटवर बॅग. मी मागे, चिमी आणि नातीजवळ — तोंड मिटून बसायच्या अटीवर.