सांदवाडीचा नकाशा

दि. १८ जानेवारी २०२५
ता. मूल, जि. चंद्रपूर

चि. सौ. मयुरीस,

आशीर्वाद. इथी आम्ही बरे आहो. तुझ्या खांद्याचे टाके सुकले, पण हात अजून वर जात नाई, असं प्रफुल सांगत होता. पायल राजुऱ्याच्या शाळेत रुळली का? तू माहेरी गेल्याले दोन महिने झाले. माझा फोन तू उचलत नाईस, म्हणून उद्या प्रफुलच्या हातानं हे पत्र पाठवून राह्यलो.

घरामागची सांदवाडी मी नव्यानं मांडली. वहीच्या कागदावर नकाशा काढून सोबत जोडला आहे. संडास-न्हाणी आता मागच्या दारापासून चार पावलांवर. लगीन होऊन आली तेव्हाच तू म्हणाली होती, "बाबा, हे इतकं दूर काऊन बांधलं? संध्याकाळी जायले भेव वाटते." मी म्हणलो होतो, घराले वास नको.

मेंदीचं कुंपण मुळासकट काढलं. त्या जागी तारेची जाळी लावली. अळूचे वाफे अन् वालाचा मांडव रस्त्याच्या अंगाले नेला. मधात सारा मुरूम टाकला, आता मांजर बसली तरी दारातून दिसते. धुण्याचा ओटा कमरेइतका उंच केला अन् नळ त्याच्यावरच घेतला, तुले बादली उचलाले नको. कपड्याची दोरी खाली बांधली. प्रफुलले हात वर न करता कपडे टाकून पाहाले लावलं. पायलचा झुला स्वयंपाकाच्या खिडकीसमोर आहे.

तुझी सासू म्हणते, "दिवसभर खोदता, धड जेवत नाई. कोणासाठी करून राह्यले? ते पोरगी तर येत नाई म्हणते."

परवा ग्रामसभेत शेजारचा मुखरू उभा राहून म्हणाला, "इस्तारीभाऊ अन् मी काठ्या घेऊन धावलो, म्हणून सून वाचली." लोकांनी माना हलवल्या. मी पायाकडं पाहत बसलो.

मयुरी, त्या दिवशी दिवेलागणीले तू मेंदीजवळ ओरडली, तेव्हा मी मागच्या दारातच उभा होतो. बिबट मले दिसला. तू त्याच्या तावडीतून सुटून दाराकडं धावत आली अन् मी आतून कडी लावली. तू तीनदा दार ठोकलं. "बाबा, उघडा," म्हणाली. मी दाराले पाठ लावून उभा राहलो. मुखरू काठीनं थाळी वाजवत, आरडत आला. बिबट पळाल्याचं ऐकू आलं, तेव्हा मी काठी घेऊन पुढच्या दारानं निघालो.

पायल घरात होती म्हणून कडी लावली, असं मी मनाले सांगत राहलो. पण पायल मुखरूच्या घरी खेळत होती. मीच तिले तिथी सोडून आलो होतो. तुझी सासू चक्कीवर गेली होती. घरात मी एकटा होतो, अन् मले माझाच जीव दिसला.

तू हे कोणालेच सांगितलं नाई. प्रफुललेही नाई. बाबानं वाचवलं तरी घरी येत नाईस, म्हणून तो दर रविवारी तुझ्याशी भांडून परत येत होता. मागच्या रविवारी म्हणाला, "आता सोडचिठ्ठीच करतो." तुमचा संसार माझ्यापायी मोडून राह्यला अन् मी इकडं दोरीची उंची मोजत होतो.

काल दोघांले सांगितलं. प्रफुलनं हातातलं फावडं खाली ठेवलं अन् बांधावर जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत आला नाई. आल्यावर एवढंच म्हणाला, "मी तिले काय काय बोललो, बाबा." तुझ्या सासूनं माझं ताट वाढलं अन् ते उठून आत गेली.

मी शेतावरच्या झोपडीत राहाले चाललो. तू आली, नाई आली, तरी तिथीच राहीन. नकाशात काई बदलाचं असल तर प्रफुलले सांग, तो करल. त्याच्यावर राग धरू नको, त्याले खरंच माहीत नव्हतं. तुले ये म्हणाचा हक्क माझ्याकडं नाई. माफी मागाले बसलो होतो. तीन कागद फाडले, तो शब्द बसत नाई.

तुझा सासरा म्हणून सही कराले हात धजत नाई.

इस्तारी